कानाचं माप

बारावी झाल्यावर मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रबराच्या शेडमध्ये कामाला लागले. शेड म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर. एका टोकाला साचे दाबणारी तीन मशीनं आणि दुसऱ्या टोकाला टेबलाशी आम्ही बायका. साच्यातून निघालेल्या मालाच्या कडेला रबराची पातळ झालर राहते. ती बारीक कात्रीनं कापायची, माल उजेडाकडे धरून बघायचा, खराब असला तर लाल डब्यात टाकायचा. कुकरच्या शिट्टीखालच्या चकत्या, मिक्सरचे पाय, औषधाच्या बाटल्यांची बुचं असं काहीबाही दिवसभर हातातून जायचं. संध्याकाळी सरळगावच्या जीपमध्ये बसलं तरी माझी बोटं मांडीवर कात्रीसारखी हलत राहायची.

ही दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. आमच्या टेबलावर एरवी सहा-सात जणी असायच्या, पण त्या आठवड्यात भाताची कापणी जोरात होती आणि बाकीच्या आपापल्या शेतात होत्या. राहिलो तिघी. एक मी. दुसरी मावशी, पन्नाशीची, म्हणजे माझी नव्हे, सगळ्या शेडची मावशी. तिसरी वैशाखऱ्याहून यायची, म्हणून तिला सगळे वैशाखरेवालीच म्हणत. ती तिशीची, कामाला चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. मावशीची मुलगी वैशाखऱ्यात हिच्याच भावकीत दिलेली होती आणि त्या ओळखीनं हिनंच मावशीला शेडमध्ये लावून घेतलं होतं. दोघींचा डबा एकत्र असायचा. एकीनं भाजी आणायची, दुसरीनं भाकरी, आणि त्यात कधी चुकामूक झाली तर दोन डबे भाजी घेऊन दोघी माझ्या पोळीकडे बघत बसायच्या.

त्या सोमवारी आमचे साहेब एक खोकं घेऊन टेबलाशी आले. साहेब कल्याणहून स्कूटरवर यायचे, अंगानं गोल, कायम घाईत, पण मनानं चांगले. खोक्यात तीन लहान पेट्या होत्या, सोनाराकडे असतात तशा, आतून मखमल लावलेल्या. मला वाटलं कुणाच्या लग्नाचं सामान आहे. पेटी उघडली तर आत काळ्या वायरच्या टोकाला दोन शेंगदाण्याएवढ्या वस्तू. दुसऱ्या पेटीत तशाच, पण चंदेरी. तिसऱ्या पेटीतल्या काचेसारख्या पारदर्शक, आतल्या केसाएवढ्या तारा दिसत होत्या.

साहेब म्हणाले, हे इअरफोन आहेत, परदेशी, आणि एका जोडीच्या किमतीत दुभती म्हैस येईल.

मावशीनं एक जोडी नीट निरखली आणि विचारलं, "दूध किती देती?"

इअरफोन मला नवीन नव्हते. नव्वद-एक्क्याण्णवला माझ्या थोरल्या भावानं वॉकमन आणला होता, त्याला डोक्यावरून जाणारी पत्र्याची पट्टी आणि दोन्ही कानांवर स्पंजच्या चकत्या होत्या. स्पंज झिजून भुगा झाला तेव्हा आईच्या जुन्या उशीतला फोम कापून मी नवा बसवला होता. पण तो प्रकार कानावर ठेवायचा होता. हे कानाच्या आत खुपसायचे होते. त्यासाठी टोकाला मऊ रबराची छत्रीसारखी टोपी लागते, आणि ती टोपी बनवायचं काम आमच्या शेडला मिळण्याची शक्यता होती. पुण्याची एक कंपनी तसले महागडे इअरफोन स्वतः बनवणार होती. परदेशी टोप्या इथल्या बायकांच्या कानाला मोठ्या पडतात अशी तिची तक्रार होती. म्हणून तिनं बाजारातल्या उत्तमपैकी तीन जोड्या आणि एक नमुन्याचा साचा पाठवला, त्यातून लहान, मधल्या आणि मोठ्या टोप्या काढायला सांगितल्या, त्या मशीनवाल्यांनी रविवारीच काढून ठेवल्या होत्या, आणि सोबत एक छापील फॉर्म दिला. वेगवेगळ्या कानांच्या माणसांनी हे घालून बघायचं, कुठला कसा बसतो आणि कशात आवाज कसा येतो ते लिहायचं.

वेगवेगळे कान म्हणून आमची निवड झाली, म्हणजे त्या दिवशी हजर होतो म्हणून झाली. फॉर्म इंग्रजीत होता आणि बारावी मीच होते, म्हणून तो माझ्याकडे आला.

आधी साहेबांनी कापूस आणि स्पिरिट आणून सगळ्यांना कान पुसायला लावले. वैशाखरेवाली भडकली. ती म्हणाली, आम्ही काय नाल्यातून उठून आलोय काय, आणि मग सगळ्यात जास्त कापूस तिनंच वापरला. मावशीच्या कानाची पाळी लांब लोंबलेली होती. तरुणपणी तिनं जड कानातली वापरली होती आणि भोकं ओघळून गेली होती. मला वाटलं, पाळी मोठी म्हणजे कानाचं भोकही मोठं. तसं काही नसतं हे पुढे कळलं, पण मावशीच्या बाबतीत नेमकं तसंच निघालं.

आम्ही सगळ्यांनीच मधली टोपी लावून सुरुवात केली, कारण साहेब म्हणाले, मधलं माप सगळ्यांना होतं. एक छोटा सीडी प्लेअर आणि एक परदेशी गाण्यांची सीडी कंपनीनंच दिली होती. मावशीनं चंदेरी जोडी कानात घातली, थोडा वेळ ऐकलं आणि सांगितलं की आवाज पातळ आहे, ताकात पाणी जास्त झाल्यासारखा. तीच जोडी वैशाखरेवालीनं घातली आणि म्हणाली की ढोल थेट पोटात वाजतोय. मी घातली तर उजवीकडून ढोल आणि डावीकडून ताक. काळ्या जोडीचंही तसंच झालं, पारदर्शकचंही. मी तिघींची उत्तरं तीन रकान्यांत लिहिली. फॉर्म बघून साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय.

त्यात फॉर्मातले शब्द. आवाज वॉर्म आहे का, ब्राइट आहे का, एअरी आहे का. मी शब्दाला शब्द लावून विचारायची, "आवाज गरम लागतो का?"

वैशाखरेवाली इअरफोन कानातून काढून त्याला हात लावून बघायची. "नाय गो, गारच हाय."

ब्राइटचं मी उजेड केलं, एअरीचं वारा. मावशीनं गंभीरपणे उत्तर दिलं की वारा येत नाही, उलट कान कोंडलाय.

कान कोंडतो ही गोष्ट खरीच होती. ते घातलं की बाहेरची मशीनं एकदम लांब जायची आणि आपलाच श्वास, आपलंच गिळणं डोक्यात घुमायचं. वैशाखरेवालीनं ते घालून चणे खाल्ले आणि घाबरून काढून टाकलं, म्हणाली की डोक्यात कुणी खडी फोडतंय. आणखी एक व्हायचं. कान बंद असले की माणूस ओरडून बोलतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. मावशी पारदर्शक जोडी घालून ऐकत होती. साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. मी तिला खुणावलं, पण तिला वाटलं मी मत विचारतेय. ती शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "साहेबाला काय कळतंय ह्यातलं? त्याच्या कानात तं गवताची पेंढी हाय."

मशीनवरचे दोघे वळून बघायला लागले. साहेब केबिनमध्ये निघून गेले. मावशी दिवसभर खाली मान घालून चकत्या कापत होती, आता काम जातंय म्हणून. पण दुसऱ्या दिवशी साहेब आले ते कानातले केस न्हाव्याकडून साफ करून. आधल्या दिवशी त्यांच्या कानातून टोपी सारखी निसटत होती, त्या दिवशी ती बसली. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की मावशी, तुमची सूचना योग्य होती, आणि ती फॉर्मात लिहायची गरज नाही.

आमच्या उलटसुलट उत्तरांचं कोडं सुटलं ते त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत. मावशीच्या कानातून इअरफोन घसरत होता, म्हणून मी सहज बोटानं तो आत दाबून धरला. तिचा चेहरा बदलला.

"थांब," ती म्हणाली. "आला. खालचा आवाज आला."

मी बोट काढलं. आवाज गेला. दाबलं, परत आला. मग आम्ही जेवण तसंच ठेवून हाच खेळ करत बसलो. भोक जरा जरी उघडं राहिलं तरी ढोल तिथून पळून जात होता आणि मागे नुसतं किणकिण उरत होतं. म्हणजे आम्ही इअरफोनबद्दल भांडत नव्हतो, आपापल्या कानाबद्दल भांडत होतो. मावशीला मोठी टोपी लावली, वैशाखरेवालीची मधली बरोबर होती. मला उजव्या कानाला मधली आणि डाव्याला लहान लागली. एकवीस वर्षांत आपले दोन कान दोन मापांचे आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला घरी जाऊन विचारलं तर ती म्हणाली की मी लहानपणी कायम एकाच कुशीवर झोपायचे, तेवढंच तिला आठवत होतं.

टोप्या बदलल्यावर तिघींची उत्तरं जुळायला लागली. चंदेरी जोडीत ढोल इतका मोठा की वाजवणाऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं, बाकीचं सगळं त्याच्या मागे. काळीत आवाज भरलेला, गोल. पारदर्शकमध्ये सगळं सुटं सुटं, तांदूळ निवडून ताटात पसरल्यासारखं. पण यातली चांगली कोणती, ते मात्र सांगता येईना. सीडीवर पियानो होता, कुणी बाई परक्या भाषेत गात होती. मावशीनं तीनही जोड्या पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि खाली ठेवल्या.

"ह्या बाईचा मूळ आवाज आमी कधी ऐकला नाय," ती म्हणाली. "मग ह्यातला खरा कंचा नि खोटा कंचा, कसा सांगू?"

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की तुमच्या ओळखीचा आवाज आणा.

बुधवारी मावशी पदराच्या टोकाला बांधून एक कॅसेट घेऊन आली. तिच्या मुलीच्या लग्नात तिची थोरली बहीण धवलारीण म्हणून बसली होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून सगळे विधी होईपर्यंत जी बाई धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते ती धवलारीण, तिच्यावाचून लग्न लागत नाही. कुणीतरी मांडवाच्या मेढीला टेपरेकॉर्डर टांगून ते सगळं भरून घेतलं होतं. साहेबांनी घरून स्वतःचा जुना वॉकमन आणला आणि आम्ही एकेक जोडी लावून ऐकू लागलो.

चंदेरीत धवलारणीचा आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता. मावशी म्हणाली, ही माझी बहीण नव्हे. काळी घातली तेव्हा ती डोळे मिटून बसली. बहीण जिवंत होती, टोकावड्याला राहायची, महिन्या-दोन महिन्यांनी भेटायचीही, तरी मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सांगितलं की बहिणीचा आवाज आता बसलाय, हा तेव्हाचा आहे.

मग पारदर्शक. त्यात आधी टेपची सूं ऐकू यायची, बाकीच्यांत ती नव्हती. पण सूंच्या मागून मांडव उघडत गेला. बांगड्या, कोंबड्या, मुलाचं रडणं, कुणीतरी पळी मागतंय, कुणीतरी बॅटरी शोधतंय. मावशी ऐकता ऐकता एकेक गोष्ट आम्हाला सांगत होती. मध्येच तिनं वॉकमनचं बटण दाबून टेप मागे नेली, पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेली. मग इअरफोन काढून वैशाखरेवालीच्या हातात दिला. "ऐक," एवढंच म्हणाली.

वैशाखरेवालीनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. मला राहवेना, मी तिच्या हातातून घेतला. धवल्याच्या दोन कडव्यांच्या मध्ये, टेपरेकॉर्डरच्या अगदी खाली बसलेली एक बाई दुसरीला सांगत होती, "भात कच्चाच काढलाय. पोरीलाबी असाच शिकवला असंल." आवाज ओळखायला मला दुसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नाही. रोज तोच आवाज माझ्या शेजारी बसून बोलायचा.

वऱ्हाडात आलेल्या बायका नावं ठेवतातच, त्यात विशेष काही नाही. पण सहा वर्षांपूर्वीचं बोलणं असं पेटीतून बाहेर येऊन टेबलावर बसलं तर त्याचं काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. वैशाखरेवाली, जिला कधी शब्द कमी पडत नसत, ती कात्री उघडमीट करत राहिली. त्या दिवशी दोघींनी आपापले डबे वेगळे उघडले. मी मधे बसले होते आणि माझ्या पोळीकडे कुणी बघितलं नाही.

गुरुवारीही तेच. शेवटी संध्याकाळी हात धुताना वैशाखरेवालीच बोलली. तिनं सांगितलं की तेव्हा तिचं स्वतःचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासूनं तिच्या भाताला रोज नाव ठेवलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या भाताला नाव ठेवायची संधी तिला मिळाली होती.

मावशी हात पुसत राहिली. मग म्हणाली, "भात कच्चाच व्हता. लाकडं वली व्हती. पण पोरीचं नाव कशाला घ्यायचं गो?"

"चुकलंच," वैशाखरेवाली म्हणाली.

शुक्रवारी मावशीनं डब्यात नुसता भात आणला, चांगला मऊ, पार गिचका झालेला. वैशाखरेवालीच्या पुढ्यात ठेवून तिनं सांगितलं की शिजलाय का बघ. तिनं सगळा खाल्ला. दुपारभर तिला सुस्ती होती आणि तिच्या हातून बुचं वाकडी कापली जात होती.

शनिवारी पुण्याहून कंपनीच्या इंजिनिअरबाई आल्या. चाळिशीच्या, बारीक कापलेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी. मी फॉर्म दिले. त्या वाचताना थांबल्या आणि विचारलं, "टोपी निसटत नाही, असं तिघींनी लिहिलंय. दिवसभर मान खाली घालून काम करता, तरी?"

ते मावशीचं डोकं होतं. पहिले दोन दिवस मान वाकवली की इअरफोन वायरच्या ओझ्यानं खाली पडायचा. मावशीनं मग वायर कानाच्या वरून मागे नेऊन खाली सोडली. जड कानातल्यांचा भार पेलायला बायका वेल लावतात, कानातल्यापासून वर केसांत अडकवायची ती साखळी, अगदी तशी. तिनं बाईंना करून दाखवलं. बाई हसल्या. त्या म्हणाल्या की हे घालायची पद्धत हीच आहे आणि पेटीतल्या कागदावर तसं चित्रही आहे. साहेब केबिनमध्ये जाऊन तो कागद घेऊन आले. त्यावर चहाच्या कपाचे चार गोल उमटले होते.

मग बाईंनी विचारलं, बारीकसारीक आवाज कशात जास्त कळतात. मी मावशीकडे बघितलं, मावशीनं वैशाखरेवालीकडे. वैशाखरेवाली स्वतःच म्हणाली की भात ऐकवा बाईंना. सगळी हकीकत तिनंच सांगितली, स्वतःची बाजू जरा सावरून. बाईंनी खुर्ची ओढली, आपल्या मापाच्या टोप्या निवडल्या आणि तीनही जोड्यांवर ती टेप ऐकली. चंदेरीत त्यांना भात सापडला नाही. काळीत त्यांना कुणीतरी काही बोललं एवढं कळलं. पारदर्शकवर त्या एकदम हसल्या आणि वैशाखरेवालीनं पदर तोंडाला लावला.

"आणि घरी न्यायची झाली तर यातली कुठली न्याल?" त्यांनी मावशीला विचारलं.

मावशीला विचार करावा लागला नाही. "गाणं ऐकाया काळी," ती म्हणाली. "भांडाया ती काचेची."

बाईंनी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. माझ्या दोन मापांच्या कानांबद्दलही त्यांनी बरंच विचारलं. पाकिटात तिन्ही मापांच्या टोप्या जोडीजोडीनं घालायच्या, म्हणजे कुणाला एका कानाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावता येईल, हे त्यांनी आमच्या समोरच ठरवलं. जाताना त्यांनी तीनही पेट्या परत नेल्या. साहेबांना वाटत होतं की एखादी तरी ठेवतील. त्यांनी खोकंही पुन्हा एकदा उलटं करून बघितलं.

काम आम्हाला मिळालं. कापणी संपून बाकीच्या बायका परत आल्या तोवर नवे साचे लागले होते. टोपी एवढीशी आणि तिची झालर त्याहून बारीक, म्हणून कात्रीऐवजी चिमटा आला. टेबलावर भिंग बसवलं आणि मला माल तपासायला पाठीची खुर्ची मिळाली. मावशीलाही देत होते. तिला टेकून बसलं की झोप येते म्हणून तिनं घेतली नाही. वैशाखरेवालीनं मात्र दोन दिवस वाट बघून मावशीनं नाकारलेली ती खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली.

त्या टोप्या अंगाखांद्यावर घरी यायच्या. पदरात, वेणीत, एकदा तर माझ्या ताटातल्या आमटीत. खराब निघालेल्या टाकून द्यायच्या असत, पण साहेबांनी कधी झडती घेतली नाही. आमच्या आळीत त्या वर्षी प्रत्येक मुलाच्या पेन्सिलीच्या बुडाला एक मऊ छत्री होती. माझ्या वहिनीनं विणायच्या सुयांच्या टोकांना टाके सुटू नयेत म्हणून त्या लावल्या. आणि वडील, ज्यांना ते नेमकं काय आहे हे मी तीनदा समजावून सांगितलं होतं, ते दोन मोठ्या मापाच्या कानात घालून ओटीवर बसायचे. वायर नाही, गाणं नाही, काही नाही. आई बोलायला लागली की घालायचे. चांगल्या बसतात, असं त्यांचं मत होतं.